लोक काय मानतात ते नंतर

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि रागच आला, तुझा नाही, तुला ज्या कोंडीत पकडलंय तिचा. तुझे गाइड म्हणतात, धर्म समाजाला मागे खेचतो की पुढे नेतो ते आधी ठरव, धर्माला अफू म्हणणारा मार्क्स घे नाहीतर धर्मातून बदल घडतो म्हणणारा वेबर घे, मगच प्रबंधाला हात लाव. हे काय भलतंच!

आणि तू म्हणतेस, विश्वास उरलेला नाही तरी घरच्यांबरोबर प्रार्थनेला बसते, म्हणून या विषयावर लिहायचा मला हक्क नाही. मला तर उलटच वाटतं. विश्वास नसताना तू तिथे का बसतेस हाच तुझा विषय आहे गं. लोक काय मानतात ते नंतर, आधी काय करतात ते बघ.

दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1912 मध्ये धर्माची व्याख्या केली त्यात देव मध्यभागी नाहीच, पवित्र मानलेल्या गोष्टींभोवतीच्या श्रद्धा, आचार आणि त्यातून बांधला गेलेला समूह, बस. (पुस्तक ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींवर, पण स्वतः तिथे न जाता त्याने दुसऱ्यांच्या नोंदींवर सगळं लिहिलं हे मला अजून खटकतं.)

आता अमेरिकेतलं माँटगोमेरी घे. डिसेंबर 1955 मध्ये तिथल्या काळ्या लोकांनी, बसमध्ये त्यांना गोऱ्यांपासून वेगळं बसवायचे म्हणून, सिटी बसवर बहिष्कार टाकला आणि तो 381 दिवस टिकवला. श्रद्धेच्या बळावर टिकला म्हणशील, तर त्याच शहरातले गोरेही तेच बायबल वाचत होते की. मग फरक कुठे पडला? चर्चची इमारत काळ्या लोकांची स्वतःची होती, पाद्र्याचा पगार त्यांच्याच वर्गणीतून निघायचा त्यामुळे कुणी गोरा मालक त्याला कामावरून काढू शकत नव्हता, चर्चमध्ये सभा व्हायच्या, सभेत वर्गणी जमायची, लोकांची ने-आण करायला गाड्या होत्या आणि त्यातल्या काही चर्चच्याच नावावर घेतलेल्या. आणि पत्रकं? जो अॅन रॉबिन्सन या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी रातोरात हजारो छापून घेतली. व्यासपीठावर मात्र बहुतेक पुरुष. म्हणजे एकाच जागेत बदलही होता आणि जुनी उतरंडही, आणि हे तुझ्या त्या लांबलचक प्रश्नावलीत कधी सापडणार नाही. कोण काय करतं ते बघावंच लागतं.

मला आयुष्यभर ऐकावं लागलं की तुम्ही नुसत्या नोंदी करता, थिअरी कुठंय. बरोबरच्यांनी मोठाली पुस्तकं काढली, माझ्याकडे वह्या राहिल्या, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण हट्ट सोडला नाही. पीटर बर्गर 1960 च्या दशकात म्हणत होता की आधुनिकता आली की धर्म ओसरणार, आणि 1999 मध्ये त्यानेच लिहिलं की तो अंदाज चुकला. एवढा मोठा समाजशास्त्रज्ञ! अगं, लोक प्रार्थनेला जातच होते, समोर दिसत होतं.

तर पुढच्या वेळी मागे बस आणि लिही. कुलूप कोण उघडतं, खुर्च्या कोण मांडतं आणि शेवटी कोण उचलतं, वर्गणीत कुणाचं नाव मोठ्याने वाचतात, हिशोबाची वही कुणाला बघायला मिळत नाही, कोण यायचं बंद झालं आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं का. तुझी आई कुठे बोलते आणि कुठे गप्प बसते तेही.

मला प्रस्तावना पाठवू नकोस, नोंदी पाठव, कच्च्या असल्या तरी चालतील. आणि गाइडनी परत विचारलं की तुझी बाजू कुठली, तर सांग नोंदी झाल्याशिवाय सांगणार नाही. रागावले तर रागावू देत, मी बोलते त्यांच्याशी.