स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर आईने पिलाटेस सुरू करावे का?

आईच्या शस्त्रक्रियेला दोन महिने झाले असून हात खांद्याच्या वर जात नाही, असे आपण लिहिले आहे. शल्यचिकित्सकांची परवानगी असल्यास पिलाटेस, म्हणजे श्वासाच्या लयीत सावकाश करायचा ताकद व लवचिकतेचा व्यायाम, अवश्य सुरू करावा. मात्र काखेतील लसिकाग्रंथी (शरीरातील द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या असतील, तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो, म्हणून व्यायामातील वजन अगदी हळूहळू वाढवावे आणि बांगडी अचानक घट्ट होऊ लागल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे. शिक्षिकेला शस्त्रक्रियेचे कागद आधीच द्यावेत. गर्दीचा वर्ग मी तरी सुचवणार नाही. माझ्या स्वतःच्या अशाच शस्त्रक्रियेनंतर ठाण्यातल्या घरी माझी सुरुवात पाठीवर झोपून, बरगड्या फुलवणाऱ्या श्वासाने आणि दोन्ही हातांत धरलेले लाटणे सावकाश डोक्यामागे नेण्याने झाली. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताने काढता आला, तेव्हा मला रडू आवरले नाही.