चार वर्षांच्या मुलीने मार्शमॅलो टेस्टमध्ये (समोरचा एक खाऊ लगेच न खाता थांबलं तर दोन मिळतात, अशी परीक्षा) पेढा दोन मिनिटांत खाल्ला. तिच्यात संयम कमी आहे का? कसा वाढवावा?

नाही. आणि ती टेस्ट घरी पुन्हा करू नका.

इतकं ठणकावून सांगतेय, कारण "हिला धीर नाही" हे मी नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत आलेय.

आम्ही ठाण्यात किसननगरला राहायचो. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. १९८७ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. दर महिन्याला युनियनची मीटिंग व्हायची आणि बाबा येऊन सांगायचे, गणपतीपर्यंत हिशेब मिळेल. गणपती गेले, मग दिवाळीपर्यंत. हिशेब मिळाला की मला सायकल येणार होती. तोवर मी एका पत्र्याच्या डब्यात पैसे साठवत होते. रद्दीचे, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले. चौसष्ट रुपये झाले होते. एक दिवस डबा उघडला तर रिकामा. आईने रॉकेल आणि तांदूळ आणले होते. "पुढच्या महिन्यात टाकते परत," म्हणाली. तिला तरी दुसरं काय करता येणार होतं?

त्या दिवाळीत मोठ्या काकांनी मला आणि त्यांच्या मुलाला वीस-वीस रुपये दिले. काका सरकारी नोकरीत, घर नौपाड्यात. दादाने पैसे पोस्टाच्या खात्यात टाकले. मी धाकट्या भावाला घेऊन जांभळी नाक्यावर गेले, बांगड्या आणि रंगपेटी घेतली, तलावपाळीवर दोघांनी आइस्क्रीम खाल्लं. संध्याकाळी घरी आले तेव्हा एक रुपया उरला होता. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "गरिबी खिशात नसते, स्वभावात असते." बाबा तिथेच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

गेल्या वर्षी एका साखरपुड्यात दादाने हीच मार्शमॅलोची गोष्ट सांगितली. जी मुलं थांबली ती आयुष्यात पुढे गेली, म्हणे. मला तिथे पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा मूळ मार्शमॅलो प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला, १९६०च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेला. त्यात मोठी संख्या विद्यापीठातल्याच लोकांच्या मुलांची. "थांबलीस तर दोन मिळतील" असं मोठ्या माणसाने सांगितलं की खरंच दोन मिळतात, हे ज्यांच्या घरात रोजचं होतं, अशी मुलं. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, त्यात बऱ्याच मुलांच्या आया पदवीधर नव्हत्या. थांबणं आणि पंधराव्या वर्षीची अभ्यासातली प्रगती यांचा संबंध आधीच्या अभ्यासांत दिसला होता त्याच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि लहानपणची आकलनशक्ती हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गेला.

मला सगळ्यात पटला तो सेलेस्ट किड यांचा २०१३चा प्रयोग. मुलांना आधी सांगितलं, थांबा, छान रंग आणून देते. निम्म्या मुलांना रंग आणून दिले. उरलेल्यांना येऊन सांगितलं, सॉरी, रंग नाहीतच. त्यानंतर मार्शमॅलो समोर ठेवला. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडला गेलेली तीन मिनिटं. एवढा फरक एका सकाळीत पडला. आमच्या घरात दोन वर्षं "गणपतीपर्यंत" चाललं होतं.

दादाचे वीस रुपये पोस्टात राहिले, कारण त्याच्या घरी ते काढायची वेळच आली नाही. माझे डब्यातून गेले. पुढचे वीस मी हातात असताना वापरले, आणि आजही म्हणते की बरोबर केलं.

आता तुमचा प्रश्न. संयम कसा वाढवायचा याचं मला सुचणारं उत्तर एवढंच, की तिला दिलेला शब्द पाळा, अगदी बारीकसारीकसुद्धा. "रविवारी उपवन तलावावर नेते" म्हणालात तर न्या. जमणार नसेल तर आधी सांगा. ऐन रविवारी नको. तिची पिग्गी बँक कितीही अडचण आली तरी तिला न विचारता उघडू नका.

किड यांच्या प्रयोगात फक्त २८ मुलं होती, हेही सांगायला हवं. त्यावरून सगळं जग ठरत नाही. आणि मिशेल यांचंही सगळं टाकाऊ नाही. समोरचा खाऊ झाकून ठेवला, मन दुसरीकडे रमवलं तर मुलं जास्त वेळ थांबतात, हे त्यांनीच दाखवलं. चार वर्षांच्या मुलीला एवढी युक्ती पुरे. ती सगळीकडेच, खेळात, शाळेत, झोपतानाही अजिबात थांबू शकत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, पण पेढ्यावरून नको.

दुसरा पेढा राखून ठेवला असेल तर तो तिला आज देऊन टाका.