ग्रॅच्युइटीचे १६ लाख: ट्रस्टमध्ये घालायचे की मशीनला लावायचे?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. दोघा भावांची भागीदारी फर्म, मशीन शॉप, उलाढाल साडेचार कोटी, कामगार २२. कामगारांच्या ग्रॅच्युइटीचं आजवरचं देणं साधारण १६ लाख होतं. त्याची तरतूद वहीत केली, पण सीएंनी कर काढताना ती रक्कम उत्पन्नात परत मिळवली. फर्मच्या नावावर १८ लाखांची एफडी आहे आणि ४० लाखांची व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशीनिंग सेंटर) घ्यायची आहे. एफडी मोडून ग्रॅच्युइटी फंडाचा ट्रस्ट काढावा, की मशीनचं मार्जिन (बँक कर्जासोबत स्वतः घालायचा हिस्सा) भरावं? एका मित्राने 'स्टाफ वेलफेअर ट्रस्ट' सुचवला आहे, तोही चालेल का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सीएंनी योग्य तेच केलं. ग्रॅच्युइटीची नुसती तरतूद आयकरात खर्च म्हणून चालत नाही. जुन्या कायद्यात हे ४०ए(७) कलमात होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, नियम तोच राहिला. वजावट दोनच वाटांनी मिळते: एखाद्याची ग्रॅच्युइटी त्या वर्षी खरोखर देय झाली तर, किंवा आयकर आयुक्तांची मान्यता असलेल्या ग्रॅच्युइटी फंडात तुम्ही प्रत्यक्ष पैसे भरले तर.

आता करबचतीचा हिशेब. भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. १६ लाख फंडात भरले तर ४,९९,२०० रुपये कर वाचतो. आकडा मोठा दिसतो, पण ही वजावट तुम्हाला एरवीही मिळणारच आहे, फक्त ज्या वर्षी कामगार निवृत्त होईल त्या वर्षी. फंडामुळे ती आधी मिळते. कायमचा फायदा वेगळ्या जागी आहे. मान्यताप्राप्त फंडाच्या उत्पन्नावर कर नाही, आणि तुमच्या एफडीच्या व्याजावर आहे. ७ टक्क्यांच्या एफडीचे कर जाऊन फर्मच्या हातात ४.८ टक्केच उरतात.

तरीही मी ट्रस्टच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण कराच्या पलीकडचं आहे. तुमच्याकडे १९ वर्षं काम केलेले टर्नर आहेत असं तुम्ही लिहिता. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्यांना २४,००० रुपये मिळत असतील, तर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून: २४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १९, म्हणजे सुमारे २,६३,००० रुपये आजच त्यांचे झालेले आहेत. उद्या एखाद्या मोठ्या गिऱ्हाईकाने पैसे थकवले, बँकेने सीसीचा (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा) हात आखडला, तर एफडीवर पहिला हात कोणाचा पडेल? माझ्या पाहण्यात अशा अडचणीत कामगाराचं देणं शेवटी राहतं. ट्रस्टमधल्या पैशावर फर्मचा हक्क नसतो. ट्रस्ट अपरिवर्तनीय असतो आणि घातलेला पैसा धंद्यात परत आणता येत नाही. काही मालकांना हीच अडचण वाटते. मला विचाराल तर ट्रस्ट करायचा तो याचसाठी.

पण सगळे १६ लाख एकदम भरू नका. मशीनला बँक कर्ज देते, ग्रॅच्युइटीला देत नाही, हे खरं. पण मार्जिनचे १० लाख हातात नसतील तर बँकही पुढे येणार नाही. म्हणून १८ पैकी १० लाख मशीनला ठेवा आणि ८ लाख यंदा फंडात भरा. विमा कंपन्यांच्या समूह ग्रॅच्युइटी योजनेत कामगारांच्या तुमच्याकडच्या आजवरच्या नोकरीची रक्कम हप्त्यांत भरता येते. यंदाच्या ८ लाखांवर वाचलेला २,४९,६०० रुपयांचा कर पुढच्या हप्त्यासाठी बाजूला काढा. दर वर्षाच्या नोकरीमागे पगाराच्या ८.३३ टक्क्यांपर्यंतच्या रकमेला वजावट मिळते. हे जवळपास एका महिन्याच्या पगाराइतकं होतं आणि ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांचीच, त्यामुळे तुमची रक्कम मर्यादेत बसते. मशीनवरही पहिल्या वर्षी १५ टक्के घसारा आणि उत्पादकाला आणखी २० टक्के मिळतो. पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर दोन्ही निम्मे. मार्चअखेरीस घाईने घेऊ नका.

पैसे गुंतवण्याचं काम मात्र स्वतःच्या अंगावर घेऊ नका. ट्रस्ट करावा लागेलच, त्याचा मसुदा विमा कंपनीकडे तयार असतो. विश्वस्तांत एक जुना कामगार घ्या. मान्यतेचा अर्ज रेंगाळू देऊ नका आणि त्याची पोच जपून ठेवा. तुम्ही दोघे भाऊ भागीदार आहात, कर्मचारी नाही, म्हणून तुमची नावं यादीत येणार नाहीत.

१६ लाखांचा आकडा पुन्हा काढून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागतो. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त ठेवले असतील तर देणं वाढेल. ठराविक मुदतीवर घेतलेल्यांना आता एका वर्षातच हक्क मिळतो, त्यांचीही यादी करा.

मित्राचा वेलफेअर ट्रस्ट नको. मान्यता नसलेल्या अशा ट्रस्टला दिलेली देणगी खर्चात धरली जात नाही. कामगारांच्या आजारपणाची काळजी असेल तर समूह मेडिक्लेम घ्या आणि हप्ता रोखीने न भरता बँकेतून भरा, तो खर्चात चालतो.

शेवटी, पत्रात ओघात तुम्ही लिहिलंत की पीएफचा भरणा 'कधी कधी २० तारखेला' होतो. हे आधी थांबवा. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. मार्च २०२६ पर्यंतच्या जुन्या आयकर कायद्यात तो उशिरा भरला, तर ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जायची आणि नंतर भरूनही वजावट मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं होतं. ईएसआयचंही तेच होतं. आणि एफडी मोडण्याआधी तिच्यावर सीसीसाठी बँकेचा बोजा आहे का, ते शाखेत विचारा; असेल तर वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल, तेव्हा मला पुन्हा लिहा.