स्केलेबिलिटीला ‘मापनीयता’ नको, मग काय?

सर, तुम्ही विचारलंय की पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी मराठीत कॉम्प्युटरच्या नोट्स लिहिताना स्केलेबिलिटीला, म्हणजे भार वाढला की सिस्टीम त्या प्रमाणात वाढवता येण्याला, ‘मापनीयता’ लिहू का, की साधं ‘क्षमता’ पुरे. मला विचाराल तर दोन्ही नको, आणि मापनीयता तर अजिबातच नको.

मापनीय म्हणजे ज्याचं माप घेता येतं ते. घोळ झालाय इंग्रजी स्केलमुळे. तिथे दोन वेगळे शब्द एकाच स्पेलिंगमधे येऊन बसलेत, तराजूचा स्केल आला जुन्या नॉर्स भाषेतल्या वाटी अशा अर्थाच्या शब्दावरून, आणि दुसरा आला लॅटिन स्कालावरून, म्हणजे शिडी. पट्टीवरच्या खुणा, नकाशाचं प्रमाण, स्केल-अप हे सगळं त्या शिडीच्या घरातलं. भाषांतर करणाऱ्याला पट्टी तेवढी दिसली, चढणं राहून गेलं.

आता क्षमता. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, वडिलांचे चार माग होते. दिवसाला किती चादरी निघतात ही झाली क्षमता, एक चादर किती वेळात निघते हा झाला वेग. पुढे वडिलांनी आणखी चार माग घेतले आणि घरात सगळ्यांना वाटलं माल दुप्पट निघणार, पण बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, भरून देणारा एकच, माग बिघडला तर बघणारा जॉबरही एकच, त्यामुळे रोज एखाददुसरा माग बीमची वाट बघत नुसता उभा, माल निघाला दीडपटच. यंत्रं वाढवली की काम त्या प्रमाणात वाढतं का, हा जो प्रश्न आहे ना, तीच स्केलेबिलिटी. आज किती झेपतं याच्याशी तिचा थेट संबंध नाही. दहा माणसांना झटकन उत्तर देणारी सिस्टीम हजार माणसं आल्यावर आणि दहा सर्व्हर जोडूनही ठप्प होऊ शकते, कारण मागे सगळे एकाच डेटाबेसच्या दारात उभे असतात.

कॉम्प्युटर डिझाइन करणारे जीन अॅमडाल यांनी १९६७ साली हेच मांडलं. कामाचा १० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल तर दहा प्रोसेसर लावून वेग जेमतेम सव्वापाच पट होतो, आणि कितीही लावले तरी १० पटीच्या पुढे जात नाही. मुलांना हे पंढरपूरवरून लगेच कळेल असं मला वाटतं. दर्शनबारी कितीही लांब करा, मंडप वाढवा, पण विठोबाच्या पायावर डोकं टेकवायचं ते एकेकानंच. मुखदर्शनाची रांग वेगळी काढली की तेवढा भार हलका होतो, डेटाबेसच्या कॉप्या काढून नुसतं वाचायला येणारी गर्दी तिकडे वळवतात ते असंच.

मग शब्द? लेखी भाषेत ‘विस्तारक्षमता’ चालेल, वाईट नाही. पण बोलताना आपल्याकडे याहून चांगलं आहे, ‘वाढत्या अंगाचं’. पोराचा शर्ट वाढत्या अंगाचा शिवा असं आई टेलरला सांगायची. त्यातही दोन प्रकार, एक नुसताच ढगळ शर्ट, म्हणजे आजच जादा सर्व्हर घेऊन ठेवलेत, पैसे आत्ताच गेले. दुसरा म्हणजे बाहेरून अंगाबरोबर पण आत शिलाईत कापड दुमडून ठेवलेलं, वेळ आली की उसवून सोडायचं. स्केलेबल म्हणजे हा दुसरा. ‘ही सिस्टीम वाढत्या अंगाची आहे’ हे कुठल्याही पोराला समजेल.

व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टलला मात्र सरळ उभी वाढ, आडवी वाढ म्हणा. आहे त्याच मशीनला रॅम, प्रोसेसर वाढवला की उभी, शेजारी नवीन मशीन मांडली की आडवी. उभा धागा आडवा धागा ऐकत वाढलेल्या सोलापुरातल्या पोरांना हे सांगावंही लागणार नाही. आणि इलॅस्टिसिटीला विस्तारक्षमता लिहू नका, ती लवचिकता, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर दुकानं लागतात आणि यात्रा संपली की उठतात तशी, वाढते आणि परत आवरतेही.

नोट्समधे पहिल्यांदा येईल तिथे स्केलेबिलिटी हाच शब्द देवनागरीत ठेवा, कारण पोरांना इंटरव्ह्यूत तोच विचारतात, आणि पुढे लिहा, ‘भार वाढला की साधनं वाढवून त्या प्रमाणात काम वाढवता येणं, थोडक्यात विस्तारक्षमता’.