मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला मॉनिटर

"व्हिडिओत सांगितलं तसाच मॉनिटर ठेवलाय. वरची कड डोळ्यांच्या रेषेत. तरी मान दुखतेच. म्हणजे माझ्या मणक्यातच बिघाड असणार ना?"

हा प्रश्न घेऊन आलेल्या ताई ४७ वर्षांच्या. डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर, एका कर सल्लागाराच्या कार्यालयाचं हिशेबाचं काम घरूनच. दिवसाचे सात-आठ तास टॅली आणि एक्सेल. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन महिन्यांपासून मानेच्या मागे, कवटीच्या अगदी खाली दुखायचं. दुपारी चारनंतर ती कळ डोक्यात चढायची आणि डोळे चुरचुरायचे. एक्स-रे काढला, तर अहवालात 'सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस' असं छापून आलं. मोठ्या बहिणीला मानेचा पट्टा लागलेला त्यांनी पाहिला होता. त्यामुळे अहवाल हातात पडल्यापासून दुखण्यापेक्षा धास्तीच मोठी झाली होती. नोकरी सोडावी लागेल का, इथपर्यंत विचार गेला होता.

आधी ती धास्ती हाताळायला हवी होती. घाबरलेला माणूस खांदे वर ओढून बसतो, आणि अशा वेळी मॉनिटर कुठेही ठेवा, मान दुखतेच. त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती शब्दांची. आपल्याकडे सर्रास 'स्पॉन्डिलायटिस' म्हणतात, पण त्यांच्या अहवालात 'स्पॉन्डिलोसिस' होतं. पहिल्या शब्दाचा अर्थ मणक्याला आलेली सूज, दुसऱ्याचा वयानुसार झालेली झीज. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत अशी झीज दिसते आणि त्यांची मान अजिबात दुखत नाही. शिवाय तुम्ही दिवसभर कसे बसता, हे एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टरांनी त्यांना नीट तपासलं होतं. हाताला मुंग्या नाहीत, बोटांची पकड ढिली झालेली नाही, चालताना तोल जात नाही, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नाही. यातलं एकही लक्षण असतं, तर टेबल-खुर्चीची चर्चा बाजूला ठेवून त्यांना पुन्हा डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. वाचणाऱ्यांनीही हा क्रम पाळावा.

मग त्यांना दोन कामं दिली. एक, शिवणकामाची टेप घेऊन सहा मापं लिहून आणायची: खुर्चीची बैठक जमिनीपासून किती उंच, टेबल किती उंच, बसल्यावर कोपर जमिनीपासून किती, डोळे किती, मॉनिटरची वरची कड टेबलापासून किती, आणि डोळ्यापासून पडदा किती लांब. दुसरं, घरातल्या कुणालातरी बाजूने फोटो काढायला सांगायचा. पण काम सुरू करून अर्धा तास झाल्यावर, त्यांना न सांगता. सांगून काढलेल्या फोटोत सगळे ताठ बसतात.

फोटो पाहून त्या स्वतःच थबकल्या. "मी तर सरळ बसते असं समजत होते." पाठ खरंच सरळ होती. पण हनुवटी वर उचललेली, डोकं पुढे काढलेलं आणि मानेच्या मागे त्वचेला घड्या पडलेल्या. पत्र्यावर चढलेल्या मांजराकडे आपण पाहतो, तशी मान. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते असं मागे कलंडून धरलं, की कवटीखालचे छोटे स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात. दुपारी डोक्यात चढणारी कळ तिथूनच येत होती.

मापांनी उरलेलं सांगितलं. खुर्ची ४४ सेंटीमीटर, टेबल ७५, ताईंचे डोळे जमिनीपासून ११३. म्हणजे टेबलाच्या वर ३८. मॉनिटरची वरची कड मात्र टेबलापासून ४७ सेंटीमीटरवर! 'डोळ्यांच्या रेषेत' असलेली कड प्रत्यक्षात नऊ सेंटीमीटर वर होती. विचारल्यावर उलगडा झाला. मुलाने मॉनिटर लावून दिला होता. त्याने कागदाची एक रीम खाली सरकवली, खुर्चीत बसून स्वतःच्या डोळ्यांशी कड जुळवली आणि निघून गेला. मुलगा पाच फूट नऊ इंच, आई पाच फूट एक इंच. घरोघरी हेच होतं. ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं तो मॉनिटर लावतो, आणि जो त्यावर काम करतो त्याची उंची कुणी मोजत नाही.

पण रीम काढली की प्रश्न सुटेल, असं समजू नका. खरी गोम पुढेच होती.

ताईंना आठ महिन्यांपूर्वी प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला होता. या काचेत वरच्या भागाने लांबचं दिसतं, तळच्या भागाने जवळचं, आणि मधल्या अरुंद पट्ट्यातून हातभर अंतरावरचं. मॉनिटर हातभर अंतरावर असतो, म्हणजे तो त्या अरुंद पट्ट्यातूनच स्पष्ट दिसणार. मॉनिटर उंच असेल तर तो पट्टा पडद्यासमोर आणण्यासाठी हनुवटी वर करावीच लागते. कुणी सांगत नाही, मान आपोआप वळते. ताईंच्या टेबलावर आणखी एक भर पडली होती. मॉनिटरच्या मागे बिलांचे गठ्ठे असल्याने पडदा पुढे आला होता, डोळ्यापासून जेमतेम ४८ सेंटीमीटरवर. वस्तू जितकी जवळ, तितका काचेचा खालचा, जास्त नंबरचा भाग लागतो. म्हणून हनुवटी आणखी वर. मान दुखते तर मॉनिटर उंच करा, हा सल्ला चाळिशीचा चष्मा नसलेल्या माणसाला बरोबर आहे. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा असे दोन नंबर असलेला) चष्मा असलेल्याला तोच सल्ला घातक ठरतो.

चष्म्याचा हात आहे का, हे तपासायला दहा सेकंद पुरतात. नेहमीसारखं बसा, नजर पडद्याच्या मध्यावर ठेवा, हनुवटी हलवू नका. आता चष्म्याची दांडी दोन बोटांनी धरून चष्मा अर्धा सेंटीमीटर वर उचला. अक्षरं एकदम स्पष्ट झाली, तर तुमची मान इतके दिवस त्या अर्ध्या सेंटीमीटरचं काम करत होती. ताईंनी चष्मा उचलला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर लख्ख दिसतंय."

बदल करताना क्रम चुकवायचा नाही: आधी खुर्ची, मग कीबोर्ड, शेवटी मॉनिटर. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक वेळी आधीचं माप बिघडतं. ताईंचं कोपर ६६ सेंटीमीटरवर होतं आणि टेबल ७५. उंच ओट्यावर पोळ्या लाटताना खांदे कसे वर येतात, तसेच टाईप करताना त्यांचे खांदे दिवसभर वर असायचे. जेवणाचं टेबल कापता येत नाही, म्हणून बैठक उंच केली. मऊ उशी बसल्याबरोबर दबते, म्हणून घट्ट घडी घातलेली सतरंजी आणि वर पातळ फोम, दबल्यानंतर मोजून सहा सेंटीमीटर. त्यामुळे पाय लोंबकळू लागले. पाय टेकलेले नसले की माणूस घसरत खुर्चीच्या कडेवर येतो आणि पाठीचा आधार सुटतो. घरातले दोन जुने पाट एकावर एक बांधून पायाखाली घेतले. कमरेच्या खोबणीत गुंडाळलेला टॉवेल.

आता डोळे टेबलापासून ४४ सेंटीमीटरवर आले. रीम काढली, वरची कड ४२ वर. बिलांचे गठ्ठे हलवून मॉनिटर मागे सरकवला, अंतर ६४ सेंटीमीटर. २४ इंची पडद्याला हे अंतर चांगलं जमतं. ताठ बसून हात सरळ पुढे केला की बोटांची टोकं पडद्यापर्यंत पोचतील किंवा किंचित कमी पडतील, इतकं. पडदा वरून साधारण दहा-पंधरा अंश मागे कलता केला, म्हणजे नजर खाली झुकते तेव्हा ती पडद्यावर काटकोनात पडते. पडद्याचा मध्य नजरेच्या आडव्या रेषेपेक्षा पंधरा-वीस अंश खाली असला की मान आणि डोळे दोन्ही निवांत राहतात. नजर खाली असली की पापणीही थोडी खाली उतरते, बुबुळाचा उघडा भाग कमी होतो आणि अश्रूंचा पातळ थर लवकर सुकत नाही. चुरचुरण्याचं एक कारण तिथेच कमी होतं.

मॉनिटर लांब नेल्यावर नवी अडचण येते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर आठवडाभरात सगळं मूळपदावर येतं. अक्षरं बारीक दिसायला लागतात, माणूस पुढे वाकतो, किंवा मॉनिटरच परत ओढतो. म्हणून त्याच दिवशी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के केलं, एक्सेलचं झूमही वाढवलं. अक्षर पुरेसं मोठं आहे का, हे पाहायचं असेल तर नेहमीच्या तिप्पट अंतरावर उभे राहा. ६४ सेंटीमीटरसाठी सुमारे दोन मीटर. दूरच्या नंबरचा चष्मा लावून तिथून मजकूर कसाबसा वाचता आला, तर जागेवर बसून तो आरामात वाचता येतो.

चार दिवसांनी फोन आला. डोळे बरे आहेत, मानेत फरक फक्त निम्मा. ते अपेक्षितच होतं. प्रोग्रेसिव्ह काचेसाठी कड डोळ्यांपेक्षा फक्त दोन सेंटीमीटर खाली असणं पुरत नाही, आठ-दहा सेंटीमीटर खाली लागते. आणि त्यांच्या मॉनिटरचा स्टँड खाली-वर होणारा नव्हता. इथे दोन वाटा होत्या. पहिली, मॉनिटरच्या मागे १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटरच्या चौकोनात स्क्रूची चार भोकं आहेत का ते पाहायचं. असतील तर मूळ स्टँड काढून टेबलाच्या कडेला आवळायचा, मॉनिटर पेलणारा आर्म लावायचा आणि पडदा जवळजवळ टेबलाला टेकेपर्यंत खाली आणायचा. काही स्वस्त मॉनिटरला ही भोकंच नसतात, म्हणून आर्म विकत घेण्याआधी मॉनिटर उलटा करून बघावा. काचेच्या टेबलावर असा आर्म कधीही आवळू नये, काच तडकते.

दुसरी वाट, कॉम्प्युटरपुरता वेगळा चष्मा, ज्याची संपूर्ण काच मॉनिटरच्या अंतरासाठी असते. इथे लोक एक चूक हमखास करतात. दुकानात जाऊन नुसतं "कॉम्प्युटरचा चष्मा द्या" म्हणतात आणि निळ्या प्रकाशाचं कोटिंग लावलेला चष्मा घेऊन येतात. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने या काचांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला होता. साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा ताण, निदान थोड्या काळापुरता तरी, कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही. पैसे घालायचेच तर नंबरात घालावेत. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहून न्या आणि तपासणाऱ्याला सांगा, "मला ६४ सेंटीमीटरवर हनुवटी न उचलता वाचायचं आहे." ताईंनी हाच मार्ग घेतला. हा चष्मा घालून घरात फिरू नये, जिना उतरू नये, लांबचं धूसर दिसतं. तो मॉनिटरपाशीच ठेवावा.

नव्या चष्म्यानंतर तीन आठवड्यांत रोजची डोकेदुखी थांबली. डाव्या खांद्यातही एक कळ होती, ती मात्र हटेना. दुसऱ्या फोटोत कारण दिसलं. डावीकडे टेबलावर सपाट ठेवलेली बिलं वाचायला त्या दर मिनिटाला मान डावीकडे वळवून खाली घालत होत्या. कीबोर्ड आणि मॉनिटरच्या मधल्या जागेत पुस्तक उभं ठेवायचा लाकडी स्टँड आणला आणि बिलं त्यावर, बरोबर समोर आली. नजर फक्त वर-खाली जाऊ लागली.

ज्यांच्याकडे नुसता लॅपटॉप आहे, त्यांनी वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतल्याशिवाय लॅपटॉप उंच करू नये. मान वाचते आणि खांदे-मनगटं बिघडतात. दोन पडदे असतील तर जास्त वापराचा नाकासमोर, दुसरा त्याला चिकटून आत वळवलेला. खिडकी पाठीशीही नको आणि मॉनिटरच्या मागेही नको, बाजूला असावी. बंद पडद्यात ट्यूबलाईट किंवा खिडकी आरशासारखी दिसली, तर काम करताना तुम्ही ते प्रतिबिंब टाळायला मान वाकडी करणारच.

महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या दिवसांत, ताईंची मान अजूनही आखडते. त्या दिवसांत त्या तीन-तीन तास उठतच नाहीत, आणि कितीही चांगली ठेवण असली तरी इतका वेळ एकाच जागी बसणं स्नायूंना सोसत नाही. मोबाईलचा गजर त्या बंद करून टाकायच्या. म्हणून टेबलावरची मोठी बाटली काढून छोटा तांब्या ठेवायला सांगितलं. पाणी संपतं, उठावं लागतं. येता-जाता खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पलीकडे वीस सेकंद पाहायचं आणि मुद्दाम पापण्या मिटायच्या, कारण पडद्याकडे टक लावली की पापण्या मिटण्याचं प्रमाण खूप घटतं.

संध्याकाळी त्याच टेबलावर मुलगा बसतो. त्याला मॉनिटर उंच लागतो, आईला खाली. टेबलामागच्या भिंतीवर आता चिकटपट्टीच्या दोन खुणा आहेत. खालची आईची, वरची मुलाची. उठताना तो रीम काढून ठेवतो.