शर्यत परदेशात, बार कुठले?

प्रश्न : परदेशात साडेचार तासांची सायकल शर्यत आहे. एनर्जी बार सोबत न्यावेत की तिथे घ्यावेत? किती लागतील?

उत्तर : सोबतच न्या. शर्यतीच्या दिवशी पोटाला अनोळखी बार देऊ नये. सरावात पचलेलाच खावा. तासाला 60 ग्रॅम कर्बोदके धरली तर 270 ग्रॅम होतात. एका बारमध्ये 40 ग्रॅम असतील (वेष्टनावर बारचं वजन नव्हे, कर्बोदकांचा आकडा बघा), तर पाच बार आणि उरलेले 70 ग्रॅम बाटलीतल्या पेयातून. विमान रखडलं तर म्हणून दोन जास्तीचे.

सगळे एकाच बॅगेत नकोत. चेक-इन बॅग हरवते, तेव्हा हँडबॅगेतले बारच कामाला येतात. एनर्जी जेल (पाकिटातून पिळून खायचा दाट गोड पाक) मात्र सुरक्षा तपासणीत द्रवात मोजतात, तिथे बऱ्याच विमानतळांवर 100 मिलिलिटरची मर्यादा आड येते. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला उतरणार असाल तर बारसुद्धा खाद्यपदार्थ म्हणून जाहीर करा. लपवलेत तर दंड होऊ शकतो. मूळ वेष्टन काढू नका, घटक त्यावरच वाचतात.

सुकामेवा ठासून भरलेले, तंतुमय बार प्रवासात ठीक. जोरात पेडल मारताना ते पोटात दगडासारखे बसतात. उन्हात चॉकलेटचा थर वितळून हातमोजे बरबटतात, थंडीत तोच बार दाताने तुटत नाही. म्हणून सुरुवातीच्या रेषेवर जाण्यापूर्वी वेष्टनाचं टोक कापून ठेवा, थंडी असेल तर बार जर्सीच्या मागच्या खिशात अंगाला लागून राहू द्या. भूक लागायची वाट न बघता विसाव्या-पंचविसाव्या मिनिटापासून एकेक तुकडा, वर दोन-तीन घोट पाणी.