सोलापुरात ऑर्किडचं बी पेरायचं तर सामान कुठून आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सोलापुरात राहून घरीच बियांपासून ऑर्किड करायचं आहे, तर अगार (जेली गोठवणारा पदार्थ), मीडियम (बी रुजवायची क्षार-साखरेची जेली), बाटल्या हे सामान इथे मिळतं की सगळं पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं?

इथेच मिळतं. फक्त ऑर्किडचं सामान म्हणून मागितलंत तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. ते किराणावाल्याकडे, मेडिकलमध्ये, कृषी सेवा केंद्रात आणि भंगारवाल्याकडे वेगवेगळ्या नावांनी पडलेलं असतं. मी टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये लॅबला आहे, त्यामुळे आंबटपणा मोजायचा पीएच पेपर आणि ब्लीच यांच्याशी रोजचा संबंध. त्या जोरावर सहा वर्षांपूर्वी हा उद्योग सुरू केला.

विकत मिळत नाही ती एकच वस्तू, खुद्द बी. म्हणून सुरुवात तिथून करतो.

ऑनलाइन 'ऑर्किड सीड्स' म्हणून जी रंगीत पाकिटं मिळतात ती घेऊ नका. मी घेतली होती. आतून मोहरीएवढे काळे दाणे निघाले. कुंडीत टाकले, पाणी घातलं, आणि महिन्याभरात राजगिऱ्यासारखं काहीतरी टरारून आलं. बायको म्हणाली, आणखी थोडं वाढू द्या, भाजी होईल. खरं ऑर्किडचं बी डोळ्याला दाणा म्हणून दिसतच नाही. शेंग उघडली की टाल्कम पावडरसारखा भुगा पडतो आणि एका शेंगेत तो हजारोंनी, कधी लाखोंनी असतो. इतक्या बारीक बियांत कोंबासाठी शिदोरी नसते. रानात एक बुरशी बियांत शिरून त्याला खाऊ घालते, हे फ्रान्समध्ये नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये दाखवलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी बुरशीच्या जागी साखर दिली, आणि बी बाटलीत रुजलं. आपण घरी करतो ते हेच. कुंडीत, मातीत, नारळाच्या काथ्यात ते रुजेल ही आशा सोडा.

तर बी घरी तयार करायचं. नर्सरीत मॉथ ऑर्किड मिळतं, म्हणजे फॅलेनॉप्सिस. शक्यतो दोन वेगळी झाडं घ्या. फुलाच्या मधोमध जी चोच असते तिच्या टोकाला एक छोटी पांढरी टोपी असते. टूथपिकनं ती हळूच उचला. आतून दोन पिवळ्या गोळ्या एका चिकट देठासकट टूथपिकला चिकटून येतात, तेच परागकण. चोचीच्या खाली एक ओला, चिकट खळगा असतो. त्यात दुसऱ्या झाडाच्या गोळ्या दाबून बसवायच्या. एवढंच. दोन-तीन दिवसांत फूल मान टाकतं तेव्हा घाबरू नका, तेच हवं असतं. मग फुलामागचा देठ फुगायला लागतो. काही संकरित झाडं शेंग धरतच नाहीत, किंवा धरली तरी पंधरा दिवसांत पिवळी पाडतात. म्हणून एका झाडावर भिस्त नको. दांडीला परागीकरणाच्या तारखेची चिठ्ठी बांधा, कारण पुढचा सगळा हिशोब त्या तारखेवर आहे.

फॅलेनॉप्सिसची शेंग साडेचार-पाच महिन्यांनी हिरवी असतानाच काढायची. पिकून तडकली की बाहेरची बुरशी आत जाते आणि मग तो भुगा ब्लीचमध्ये धुवत बसावं लागतं. बंद हिरव्या शेंगेच्या पोटात सगळं निर्जंतुक असतं, नुसती साल साफ केली की काम झालं. नवशिक्याने हिरव्या शेंगेशिवाय दुसरा मार्ग धरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सह्याद्रीत फिरायला जाणाऱ्यांना एक विनंती. सीतेची वेणी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, झाडावर लटकताना दिसली की हात शिवशिवतात, पण तिची शेंग तोडून आणू नका. ते बेकायदा तर ठरू शकतंच, शिवाय सोलापूरच्या एप्रिलमध्ये ती पोरं जगवणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही.

आता मीडियम. तयार पावडर हवी असेल तर मुंबईच्या हायमीडिया कंपनीचं 'नुडसन सी' किंवा 'मुराशिगे-स्कूग' ऑनलाइन मागवता येतं, पाण्यात विरघळवायचं की झालं. मुराशिगे-स्कूग ऑर्किडच्या बियांसाठी निम्म्या ताकदीनं वापरा, पुरेसं होतं. पण माझा अनुभव विचाराल तर नुडसन यांचं मीडियम आपल्या जिल्ह्यात घरी बनवायला जितकं सोपं, तितकं कुठे नसेल. डाळिंब आणि द्राक्षवाल्यांची कृपा! त्यातले जवळजवळ सगळे क्षार ड्रिपमधून सोडायची खतं म्हणून मार्केट यार्डाजवळच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. एक लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम (खताच्या दर्जाचं थोडं तेज असतं, मी ०.९ घेतो), अमोनियम सल्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट पाव ग्रॅम, आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट पाव ग्रॅम. हे शेवटचं नाव दुकानात घेऊ नका, 'झिरो बावन्न चौतीस' म्हणा, पोऱ्या मान वर न करता काढून देईल. लोहासाठी चिलेटेड फेरस, १२ टक्केवालं, ४० मिलिग्रॅम. एवढं थोडं मोजता येत नाही म्हणून ४ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवायचं आणि त्यातलं १० मिली सिरिंजनं घ्यायचं. मूळ कृतीत मँगनीज सल्फेटही आहे, साडेसात मिलिग्रॅम. ते मी सोडून देतो आणि त्याऐवजी शंभर मिली शहाळ्याचं पाणी घालतो. बाकी वजनाला ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनारी खिशातला काटा पुरतो.

अडचण अशी की या दुकानांत खत किलोच्या पुडीत मिळतं आणि आपल्याला हवं चमचाभर. मी शेतकरी मेव्हण्याच्या गोणीतून कागदात बांधून आणतो. तुमच्या नात्यात कोणाची बाग असेलच, सोलापुरात कोणाची नसते? आणि ड्रिपवाल्यांना ठाऊक असलेला नियम इथेही पाळा. कॅल्शियम नायट्रेट झिरो बावन्न चौतीसबरोबर घट्ट एकत्र केलं की पांढरा साका बसतो. दोन्ही आधी भरपूर पाण्यात वेगवेगळी विरघळवा, मग मिसळा.

१९:१९:१९ ने काम भागत नाही का, असं तुम्ही विचारणारच. भागतं, पण बेताचं. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं आणि इवल्या रोपांना ते आवडत नाही.

पाणी नळाचं नको, बोअरचं तर नकोच. आपलं पाणी किती जड आहे ते गीझरच्या कॉइलला विचारा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, तेच आणा. साखर साधी, २० ग्रॅम. अगार म्हणजे किराणा दुकानातला चायना ग्रास. लॅबचं अगार लिटरला सात-आठ ग्रॅम लागतं, चायना ग्रास मी दहा-बारा ग्रॅम घेतो. कात्रीनं बारीक कापून अर्धा तास भिजवायचा, मग धार पारदर्शक होईपर्यंत उकळायचा. बशीत चमचाभर टाकून बघा, दहा मिनिटांत बोटानं दाबल्यावर थरथरलं पाहिजे पण फुटता कामा नये. त्यातच पीएच बघा, ५.५ च्या आसपास हवा. जास्त असेल तर व्हिनेगरचे थेंब, कमी असेल तर खाण्याच्या सोड्याची चिमूट. पाचाच्या खाली गेला तर कुकरमधून काढल्यावर मीडियम गोठतच नाही, सरबत होतं. माझं दोनदा झालंय.

बाटल्यांसाठी जॅमच्या बरण्या उत्तम. शेंगाचटणीची बरणी मात्र कितीही धुतली तरी झाकणाला लसणाचा वास राहतो, झाकण नवं घ्या. झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडून त्यावर मेडिकलमधली मायक्रोपोअर टेप दुहेरी लावायची, हवा जाते आणि बुरशी अडते. बरणीत दोन बोटं मीडियम ओता, झाकण सैल ठेवा, कुकरमध्ये जाळीवर उभी करा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून पंचवीस मिनिटं. पुस्तकात पंधरा-वीस लिहितात, पण आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर वर आहोत, पाच मिनिटांनी गॅस संपत नाही. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचललीत तर बरणीतलं मीडियम उतू जाऊन टेप भिजते, आणि भिजलेली टेप म्हणजे बुरशीला दार.

हवेतली बुरशी न लागता पेरता यावं म्हणून पेटी लागते, तिच्यासाठी मोठा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा आडवा करायचा, झाकणाच्या बाजूनं दोन हात जातील अशी भोकं. आतून पातळ ब्लीचचा फवारा, हातात सर्जिकल ग्लोव्हज. ब्लीच घरगुती, चार टक्क्यांच्या आसपासचं घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत रंगकामाच्या केमिकलवाल्यांकडे कॅन स्वस्त मिळतो म्हणून मोहात पडू नका. ते तिप्पट तेज असतं आणि आपल्या उन्हात झपाट्यानं उतरतं, म्हणजे आज कडक आणि दोन महिन्यांनी पाणी. त्यांच्याकडचं ५० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तर घरात आणूच नका, कातडी जाळतं. आणि ब्लीचला संडास धुवायच्या ॲसिडच्या आसपासही फिरकू देऊ नका, त्या दोघांतून क्लोरीन निघतो. पेटीच्या आत स्पिरिटचा दिवा लावायचा नाही, भपका पेट घेतो.

शेंग साबणानं घासून धुवा, घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग अशा द्रावणात वीस मिनिटं बुडवा, मग पेटीत न्या. निर्जंतुक ब्लेडनं दोन्ही टोकं उडवून उभी चीर द्या. आत पांढरट पिवळा, कापसासारखा गर चिकटलेला दिसेल. तो ब्लेडच्या टोकावर चिमटीएवढा उचलून मीडियमवर झटकायचा. थोडा बाजूला काढून भिंगाखाली पाहा. प्रत्येक कणाच्या मधोमध ठिपका दिसला तर गर्भ आहे. नुसती रिकामी जाळी दिसली तर तुमचे पाच महिने वाया गेले, पुढच्या फुलाची वाट बघा.

माझ्या पहिल्या बारा बरण्यांपैकी नऊ तिसऱ्या दिवशी गेल्या. पांढरा कापूस, वर काळी टोकं. कारण काय, तर मे महिना होता, घाम टिपायला मी पंखा एकवर ठेवला होता. आता पहाटे पाचला, दार-खिडकी बंद करून, लादी ओल्या फडक्यानं पुसून बसतो.

बरण्या खिडकीत ठेवू नका, ऊन लागलं की आत भट्टी होते. घरात सगळ्यात थंड खोली कोणती ते बघा. कोणाचं जुनं माळवदाचं घर असेल तर तो नशीबवान. वर फूटभरावर एलईडी ट्यूब, रोज बारा-चौदा तास. महिन्याभरात भुगा फुगतो, दोन-तीन महिन्यांत खसखशीएवढे हिरवे मणी होतात. तीन-चार महिन्यांनी दाटी झाली की नव्या बरणीत हलवायचे, तेव्हा मीडियममध्ये लिटरला अर्धं पिकलं केळं कुस्करून घाला, मुळं जोमानं धरतात.

बरणीतून कुंडीत काढायची वेळ आपल्याकडे एकच, जुलै-ऑगस्ट. मार्चनंतर काढलेलं रोप दुपारच्या झळीनं दोन दिवसांत कागद होतं. म्हणून फेब्रुवारीत परागीकरण, जुलैत पेरणी, पुढच्या जुलैत बाहेर, असा माझा हिशोब. पावसाळ्यात हवेत बुरशी जास्त असते, त्यामुळे पेरणीला दोन-चार बरण्या जादा धरा. बाहेर काढल्यावर मुळांचा अगार कोमट पाण्यात पूर्ण धुवा, थोडासाही राहिला तर कुजतो. मग स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि इस्त्रीवाल्याकडच्या कोळशाचा चुरा यांत लावून, झाकण किलकिलं ठेवलेल्या डब्यात सावलीला. फूल बघायला त्यानंतर दोन-तीन वर्षं सहज जातात.

आणि कुकर वेगळा घ्या, जुन्या बाजारातला चालेल, रबर तेवढं नवं. आमच्या घरी डाळीत चायना ग्रासचा तुकडा सापडल्यापासून माझा कुकर गॅलरीत असतो.